नानकटाई, मर्यादा आणि मालदांडीचं पीठ



मंदिरातून बाहेर पडताना, चपला शोधता शोधता, हल्ली तरुण सुना-मुली मला एक प्रश्न हमखास विचारतात. "काकू, अंडं न घालता केक फुगतो का हो?" प्रश्न साधा आहे आणि उत्तरही साधं आहे: फुगतो. पण प्रश्नामागचा सूर मला जरा खटकतो. खरा केक अंड्याचा, आणि आपला म्हणजे त्यातून काहीतरी वजा करून उरलेला, असा तो सूर असतो. मी कॉमर्सची विद्यार्थिनी, वजाबाकी मला समजते. पण भाजलेल्या पदार्थांचा इतिहास थोडा वाचला, थोडा आपल्याच घरांत पाहिला, तर हिशेब वेगळा निघतो. आज तोच मांडते.

भाजणं आपल्याला नवीन नाही

बेकिंग म्हटलं की डोळ्यांसमोर काचेच्या दाराचा ओव्हन येतो. पण आपल्या भाषेत बेक करण्याला वेगळा शब्द लागलाच नाही. शेंगदाणे भाजायचे, भाकरी भाजायची आणि नानकटाईसुद्धा भाजायचीच. खानदेशात बट्टी भाजतात, विदर्भात पळसाच्या पानांत घालून पानगे भाजतात. आणि आपल्या सोलापुरात तर कडक भाकरी आहे. ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी हातानं अगदी पातळ थापायची, तव्यावर भाजायची, मग मंद आचेवर तिच्यातला ओलावा पार निघून जाईपर्यंत तापवत ठेवायची. हातात घेतली की कुर्रकन मोडते. विलायतेत बिस्किटाचं जे तंत्र आहे ते याहून निराळं नाही. पाणी काढून टाकायचं म्हणजे पदार्थ टिकतो.

हे तंत्र इथेच का रुजलं, तेही पाहण्यासारखं आहे. सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेचा. पाऊस बेभरवशाचा, पण जमीन काळी, ओल धरून ठेवणारी. म्हणून इथे रब्बीची ज्वारी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाची धान्याची कोठारं उघडली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. धान्य जपून वापरणं आणि केलेलं अन्न वाया न जाऊ देणं हे या मातीतच आहे.

तेव्हा भाजणं आपलंच. बाहेरून आलं ते दुसरं काहीतरी: खमीर, अंडी आणि भट्टी.

ताडीचा पाव आणि सुरतेची नानकटाई

पोर्तुगीज १५१० मध्ये गोव्यात आले. त्यांना पाव हवा होता, पण पीठ फुगवायला लागणारं खमीर इथे मिळेना. मग त्यांनी माडाच्या ताडीनं पीठ फुगवलं. गोव्याचे पोदेर पुढे मुंबईपर्यंत गेले आणि ती रीत पसरली. खाणाऱ्यांना पाव आवडला, पण त्यात मद्य होतं. आपल्या श्रावकाचाराची सुरुवातच मद्याच्या त्यागानं होते. आचार्य अमृतचंद्रांनी 'पुरुषार्थसिद्ध्युपाया'त मद्य, मांस, मध आणि पाच उदुंबर फळं यांचा त्याग सर्वांत आधी सांगितला आहे. उदुंबरांत वड, पिंपळ, उंबर, पाकर यांच्याबरोबर अंजीरही धरतात. आता युरोपातला नाताळचा पारंपरिक फ्रूट केक आठवा. त्यात दारूत भिजवलेला सुका मेवा, अंडी, कधी मध, कधी अंजीर. एका केकमध्ये आपल्या मूलगुणांची यादी जवळजवळ पुरी होते! आजी-पणजी "बाहेरचं नको" म्हणायच्या तेव्हा त्यांना केकची कृती माहीत नव्हती, पण त्यांचा अंदाज चुकलेला नव्हता.

खमिराबद्दलही तेच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लुई पाश्चर यांनी दाखवून दिलं की पीठ किंवा रस आंबतो तो जिवंत सूक्ष्म जीवांमुळे. आंबलेल्या, शिळ्या पदार्थांत जीवोत्पत्ती होते हे आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून सांगितलं जात होतं. मी हे बढाई म्हणून सांगत नाही. सूक्ष्मदर्शक नसताना माणसं वास, चव, बुरशी, फसफस यांवरून नियम कसे बांधत गेली, याचं मला कौतुक वाटतं.

मग नानकटाई कुठून आली? नावातला 'नान' म्हणजे फारसीतली रोटी. 'खताई'बद्दल दोन मतं आहेत. कुणी त्याचा संबंध चीनच्या जुन्या नावाशी, कॅथेशी, जोडतात, तर कुणी सहा या आकड्याशी. पण तिच्या जन्माची जी कहाणी सुरतेत सांगतात ती आपण सगळ्यांनी ऐकावी अशी आहे.

सुरत बंदरात डचांची वखार होती आणि डच लोकांसाठी पाव भाजणारी एक भट्टीही होती. १८२४ च्या तहानंतर डच सुरतेहून गेले. भट्टी फरामजी पेस्तनजी दोटीवाला या पारशी गृहस्थांकडे आली. पण पाव घेणार कोण? त्यात ताडी, जोडीला अंडी. गावातली बरीच मंडळी त्याला हात लावीनात. पाव पडून राही आणि वाळून जाई. वाळलेला पाव स्वस्तात विकायला काढला, तर तो चहात बुडवायला लोकांना आवडला. तेव्हा दोटीवाला यांच्या लक्षात आलं, की गिऱ्हाइकाला भट्टी नको असं नाही, त्याला ताडी आणि अंडं नको आहे. त्यातून पीठ, साखर आणि तूप एवढ्यावरच भागणारी नानकटाई त्यांनी भट्टीत घातली आणि ती गुजरातभर, तिथून मुंबईभर झाली.

मैत्रिणींनो, या कहाणीत मला महत्त्वाची वाटते ती एकच गोष्ट. नानकटाईतून अंडं 'काढलेलं' नाही. ते तिच्यात कधी नव्हतंच. अमुक खाणार नाही असं ठामपणे म्हणणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी तो पदार्थ घडला. त्या गिऱ्हाइकांत आपलीही माणसं असणार, कारण सुरत हे जैन व्यापाऱ्यांचं मोठं गाव. आपल्यातल्या कितीतरी घरांची मुळं गुजरातेतच आहेत. तिथून निघून, व्यापार करत करत, ती सोलापुरात स्थिरावली. येताना त्यांनी हिशेबाच्या वह्या आणल्या, देवघरातल्या प्रतिमा आणल्या आणि जिभेवरच्या चवी आणल्या.

प्रत्येक ठिकाणी भट्टीनं असाच स्थानिक मार्ग काढला. केरळात तलश्शेरीला मांबळ्ळी बापू यांनी १८८३ मध्ये एका इंग्रज मळेवाल्यासाठी नाताळचा केक केला, तेव्हा त्यांनी तिथलेच मसाले आणि तिथलीच गावठी दारू वापरली. त्यांचा मार्ग त्यांच्या गिऱ्हाइकाचा, सुरतेचा मार्ग सुरतेच्या गिऱ्हाइकाचा. भट्टी एकच, पण कोण खाणार आहे त्यावर पदार्थ ठरला.

बर्मिंगहॅमची एक गृहिणी

नानकटाईचं झालं, पण अंड्याविना मऊ केक कसा शक्य झाला? त्यासाठी इंग्लंडात जावं लागेल. बर्मिंगहॅममध्ये आल्फ्रेड बर्ड नावाचे एक औषधविक्रेते होते. त्यांच्या पत्नीला, एलिझाबेथ यांना, अंडं सोसत नसे आणि खमीरही सोसत नसे. बर्ड यांनी १८३७ मध्ये पत्नीसाठी अंड्याविना कस्टर्ड पावडर तयार केली आणि १८४३ मध्ये खमिराविना पीठ फुगवणारी बेकिंग पावडर. सोडा आणि एक आंबट क्षार कोरडे मिसळून ठेवायचे. ओलावा आणि उष्णता मिळाली की वायू सुटतो आणि पीठ वर येतं.

आपल्याला ज्या दोन गोष्टी चालत नाहीत त्याच दोन त्या बाईलाही चालत नव्हत्या. तिचं कारण प्रकृतीचं होतं, आपलं धर्माचं. पण आज तुम्ही डब्यातून चमचाभर पावडर काढता, त्यामागे एका नवऱ्यानं बायकोच्या ताटासाठी केलेली खटपट आहे. घरातल्या एका माणसाला खाता यावं म्हणून पदार्थ बदलायचा, हे तर आपण रोज करतो.

भारतात अंड्याविना केकला पुढचा हात दिला तो आटवलेल्या गोड दुधानं. नेस्लेचा माल इथे १९१२ पासून येत होता आणि १९६१ मध्ये पंजाबात मोगा इथे त्यांचा कारखाना सुरू झाला. मिल्कमेडचा डबा आणि त्याच्या अंड्याविना केकच्या कृती पुढे शहरांतल्या शाकाहारी घरांत पोचल्या. १९७० साली कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' आलं आणि 'अंदाजानं घाला' म्हणणाऱ्या स्वयंपाकघरांत वाटी-चमच्याची मापं शिरली. भाजण्याच्या पदार्थाला माप लागतंच. आमटीत पाणी जास्त झालं तर आटवता येतं, पण नानकटाई एकदा भट्टीत गेली की गेली.

तूप, साखर आणि शंका

पदार्थ निर्दोष असला तरी त्यात पडणारा जिन्नस निर्दोष आहे का, हा प्रश्न आपल्या बायकांनी प्रत्येक पिढीत विचारला आहे.

आधी साखर घ्या. स्वदेशीच्या काळात विलायती साखरेवर मोठा आक्षेप होता, कारण परदेशात ती हाडांच्या कोळशातून गाळून पांढरी करत. १९३२ साली सरकारनं देशी साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा केला आणि कारखाने भराभर निघाले. आपल्याच सोलापुरात १८८२ मध्ये जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी १९३३ मध्ये रावळगावला साखरेचं काम सुरू केलं. आपल्या जिल्ह्यात माळीनगरचा कारखाना त्याच दशकातला. इथले कारखाने रस स्वच्छ करायला प्रामुख्यानं चुना आणि गंधक वापरतात. त्यामुळे घरात पांढरी साखर निर्धास्तपणे येऊ लागली. आज सोलापूर जिल्ह्यात जिकडे पाहाल तिकडे ऊस दिसतो, पण साखरेच्या एका कणासाठी आपल्या आज्यांनी किती चौकशा केल्या असतील!

मग चरबीचा प्रश्न. १९३७ मध्ये डालडा आलं. स्वस्त, पांढरं, दाणेदार, आणि बेकरीच्या नानकटाईला अगदी सोयीचं. बाजारातल्या नानकटाईतून तूप गेलं ते तेव्हापासून. १९८३ मध्ये वनस्पतीत जनावरांच्या चरबीची भेसळ झाल्याच्या बातम्यांनी देशभर खळबळ उडाली. त्या वर्षी कित्येक घरांत बेकरीचा पुडा आणणं बंद झालं. पाकिटावरची हिरवी-तपकिरी खूण सक्तीची व्हायला २००१ साल उजाडलं. तोवर खूण म्हणजे घरातल्या बाईचा शब्द.

आणि लोणी. विलायती केकची सुरुवात लोणी आणि साखर फेसण्यापासून होते. आपल्याकडे लोणी काढल्यावर अंतर्मुहूर्तात, म्हणजे ४८ मिनिटांच्या आत, कढवून त्याचं तूप करायचं असतं. चार दिवस साठवलेलं लोणी आपल्या घरात चालत नाही. नानकटाईत पहिल्यापासून तूपच. म्हणून ती आपल्या स्वयंपाकघरात कुठेही न अडखळता शिरली.

भट्टीवरचे पत्रे

माझ्या लहानपणी, म्हणजे १९६० च्या दशकाच्या शेवटी, सोलापूर गिरण्यांच्या भोंग्यावर चालत होतं. रेल्वे इथे १८६० सालीच आली होती आणि १८७७ मध्ये पहिली कापडगिरणी निघाली, जिला पुढे सगळे 'जुनी मिल' म्हणू लागले. पाळी सुटली की चहाच्या हॉटेलांत गर्दी, आणि पेठेपेठेत बेकऱ्या. दिवाळीच्या आठ दिवस आधी बेकरीवाले घरोघरची नानकटाई भाजून द्यायचे. मैदा, साखर, डालडा घेऊन बायका जायच्या, तिथेच पीठ मळायच्या, काळ्या पत्र्यांवर गोळे मांडायच्या आणि आपल्या घराची खूण म्हणून प्रत्येक गोळ्यावर चारोळी नाहीतर काट्याचा ठसा.

आमच्या आईची रीत वेगळी होती. त्याच पत्र्यांवर एरवी अंड्याची बिस्किटं भाजली जात, म्हणून तिनं एका तांबटाकडून स्वतःचे चार पत्रे करून घेतले होते. पीठ घरी मळायचं, गोळे घरी करायचे, पत्र्यांवर स्वच्छ फडकं झाकून आम्ही भावंडं ते डोक्यावर घेऊन जायचो. आईनं भट्टीवाल्या चाचांशी ठरवून टाकलं होतं, की सकाळी भट्टी झाडून पेटवली की पहिला घाणा आमचा. चाचा हसून म्हणायचे, "भाभी, तुमचा घाणा निघाल्याशिवाय आमची बोहनी नाही." तीस वर्षं हा शब्द पाळला गेला. कोण काय खातं यावरून माणसं वेगळी होतात असं म्हणतात. मी तर त्यावरून एकमेकांचा मान राखणारी माणसं पाहिली.

पुढे घरात गोल अ‍ॅल्युमिनियमचा विजेचा ओव्हन आला. ज्यांच्याकडे तो नव्हता त्या जाड पातेल्यात चाळलेली वाळू किंवा मीठ तापवून त्यावर ताटली ठेवत, नाहीतर शिट्टी आणि रबर काढून कुकरमध्ये भाजत. भट्टी घरात आली आणि चाचांचा पहिला घाणा संपला.

सात, पाच, तीन

आता मुद्द्याचं बोलते. अंडं काढलं की पदार्थ आपला झाला, असं आजकाल आपण धरून चालतो. पण आपल्या घरांत आणखी एक माणूस असतं: व्रत घेतलेली सासू, आई, आत्या.

माझ्या सासूबाईंनी व्रतं घेतली तेव्हा माझा मुलगा चार वर्षांचा होता. त्या वर्षीच्या वाढदिवसाला बाहेरून अंड्याविना केक आणला होता. संध्याकाळी साडेसातला मेणबत्त्या लागल्या. सूर्य केव्हाच मावळलेला. सासूबाई नातवाच्या डोक्यावरून हात फिरवून आतल्या खोलीत जपाला बसल्या. कुणी कुणाला काही बोललं नाही. पण ज्या ताटातलं आजीला चालत नाही ते ताट घरातलं कसं, हे मला तेव्हापासून वाटत आलं. केकवर हिरवी खूण होती. आजीसाठी ती पुरेशी नव्हती.

पुढच्या वर्षी मी सासूबाईंनाच विचारलं, "तुम्हाला चालेल असं काय भाजू?" त्यांनी जे सांगितलं ते मी वहीत लिहून ठेवलंय. आमच्या परंपरेत पिठाची मर्यादा ऋतूप्रमाणे मोजतात. हिवाळ्यात ७ दिवस, उन्हाळ्यात ५ दिवस, पावसाळ्यात ३ दिवस. जो पदार्थ नुसत्या पीठ-तूप-साखरेचा आहे, ज्यात पाण्याचा अंश नाही, त्याची मर्यादा पिठाइतकी. पाणी किंवा दूध पडलं की फार तर आठ प्रहर, म्हणजे २४ तास. तुमच्या घरी, तुमच्या संघात थोडा फरक असेल तर तोच पाळा.

हे लिहिता लिहिता मला उलगडा झाला. नानकटाईत पाणी नसतंच! म्हणजे थंडीत घरी दळलेल्या पिठाची, घरच्या तुपाची, दिवसा भाजलेली नानकटाई व्रती बाईलाही चालते, आणि एकच दिवस नाही तर पिठाची मर्यादा असेपर्यंत. बाजारचा मैदा मात्र बाद, कारण तो कधी दळला ते कळत नाही. त्याऐवजी आपलं सपीठ. पुरणपोळीसाठी आपण गव्हाचं पीठ वस्त्रगाळ करतो ना, तेच.

त्या वर्षी वाढदिवस दुपारी चारला झाला. नानकटायांचा मनोरा रचला, मुलानं वरची एक उचलून आधी आजीच्या हातावर ठेवली. सासूबाईंनी ती खाल्ली आणि म्हणाल्या, "वेलची जरा कमी घाल."

याला मी सुधारणा म्हणत नाही आणि जुनं ते सोनंही म्हणत नाही. सुरतेच्या दोटीवाला यांनी जे केलं तेच हे. खाणारं माणूस समोर ठेवायचं आणि मग पदार्थ ठरवायचा.

आपलं पीठ, आपले हंगाम

सात-पाच-तीनचा हा नियम आणि सोलापूरची ज्वारी यांचं छान जमतं. भाकरी थापणारी कुठलीही बाई सांगेल, की पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, भाकरी थापताना चिरते, चवीला कडवट लागते. म्हणजे ज्वारीच्या पिठाला ताजेपणाची मर्यादा निसर्गानंच घातली आहे. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली मालदांडी ३५-१ ही ज्वारी १९३० च्या दशकापासून आपल्या भाकरीत आहे. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं तेव्हा शहरात ज्वारीच्या बिस्किटांचे पुडे महाग विकले जाऊ लागले. आपल्याला ती कोपऱ्यावरच्या गिरणीतून मिळते.

ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो. पावासाठी ती उणीव आहे, पण नानकटाईसाठी तोच गुण आहे. नानकटाईत चिकटपणा नकोच असतो. तूप पिठाच्या कणाकणाला वेढतं, पाणी नसल्यामुळे चिवटपणा येत नाही, म्हणून ती तोंडात विरघळते.

माझं माप असं आहे. ज्वारीचं ताजं पीठ १ वाटी, मंद आचेवर पाच मिनिटं कोरडं भाजून गार केलेलं. सपीठ १ वाटी. घरी दळलेली पिठीसाखर पाऊण वाटी. घट्ट तूप पाऊण वाटी. वेलची, चवीपुरतं जायफळ. धान्य निवडलेलं, पीठ चाळलेलं हे सांगायला नकोच. तूप आणि साखर हातानं पंधरा मिनिटं फेसा, ते पांढरंशुभ्र आणि हलकं होईल. त्यात शिरलेली हवाच नानकटाई फुलवते, सोडा लागत नाही. मग पीठ हलक्या हातानं मिसळा, मळू नका. गोळा फुटत असेल तर दुधाचा हात लावू नका, चमचाभर तूप वाढवा. दुधानं मर्यादाही जाते आणि खुसखुशीतपणाही. ओव्हन १६० अंशांवर तापवून १८ ते २० मिनिटं. पेटवण्याआधी आत कापडानं पुसून, एखादा जीव नाही ना हे पाहून घ्या. बाहेर काढल्यावर नानकटाई मऊ लागते. पूर्ण गार होईपर्यंत हात लावू नका, गार होतानाच ती कडक होते.

आता हंगाम. दिवाळी म्हणजे महावीर निर्वाण, तिथून फाल्गुनापर्यंत पिठाची मर्यादा सगळ्यांत मोठी, तोच आपला भाजण्याचा काळ. कार्तिकात नव्या भुईमुगाचे दाणे घरात असतात. ते भाजून, जाडसर कुटून दोन चमचे पिठात घाला. पौषात सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरते, संक्रांत येते, तेव्हा वरून तीळ लावा. माघ-फाल्गुनात नवी ज्वारी खळ्यावर येते, तेव्हाची नानकटाई वर्षातली सर्वांत गोड. पावसाळ्यात, चातुर्मासात, मर्यादा तीन दिवसांवर येते, हवेत ओल असते, तेव्हा थोडंच करा. दशलक्षणाच्या दहा दिवसांत माझा ओव्हन बंदच असतो. वर्षातून काही काळ भट्टी थंड असावी, हेही बरं.

मुलांना मऊ केकच हवा असेल तर तोही करा, पण दिवसा करा आणि त्याच दिवशी संपवा. एक गोष्ट मात्र सांभाळा. बेसन किंवा कुठल्याही डाळीचं पीठ आणि दही एकत्र आलं की ते द्विदल होतं, आणि पुष्कळशा अंड्याविना केकमध्ये दही असतं. दह्याचं काम फक्त आंबटपणा देण्याचं असतं, सोडा त्यानं जागा होतो. ते काम लिंबू करतं, चिंचेचा कोळ करतो आणि आपल्या सोलापूरचं डाळिंबही करतं. आपल्या डाळिंबालाही २०१६ मध्येच मानांकन मिळालं आहे, आणि डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र इथे केगावला आहे. डाळिंबाच्या रसात केक छान फुगतो. फक्त त्याचा रंग गुलाबी राहील अशी आशा धरू नका, सोड्यानं तो करडा-जांभळट होतो. चव मात्र आंबटगोड येते.

बाहेरून आणायचाच झाला तर "अंडं नाही ना?" एवढं विचारून थांबू नका. जिलेटिन आहे का, फेटायचं भांडं वेगळं आहे का, सजावटीत काय आहे, हेही विचारा. चांगला दुकानदार रागावत नाही. आमच्या आईला भट्टीवाले चाचा कधी रागावले नाहीत.

आता माझं एक मागणं आहे. नानकटाईची सुरतेची कहाणी लोकांनी जपली, बर्ड यांच्या पावडरीची तारीख पुस्तकांत सापडते. पण आपल्या घरांत कुणी कसं भाजलं, कुठल्या वाटीनं मोजलं, कुणासाठी काय वगळलं, हे कुठेच लिहिलेलं नाही. ते आपल्या सत्तरी-ऐंशीच्या बायकांच्या हातात आहे, आणि हात थकत चालले आहेत. तुमच्या आईला, सासूला, आत्याला समोर बसवून विचारा. त्यांची वाटी खरोखर काट्यावर ठेवून ग्रॅममध्ये माप लिहून घ्या, कारण त्यांची वाटी आणि तुमची वाटी सारखी नसते. शेजारी एक रकाना आखा: हे कुणाला चालतं, कुठल्या ऋतूत चालतं. माझ्या वहीत असा रकाना आहे. सासूबाईंच्या नावापुढे लिहिलंय, "वेलची कमी."

जय जिनेंद्र.